खालून दुसऱ्या, तरी नाचलो

आई,
इथूनच तुझ्या पायांना हात लावते. मीना पत्र वाचून दाखवत असेल, तिला सावकाश वाचायला सांग.

आम्ही जिंकलो! हॉस्पिटलची ड्युटी करून मी इथल्या बायांच्या टीममध्ये रग्बी खेळते ना, तिचा काल शेवटचा सामना होता. हरलो असतो तर खालच्या गटात गेलो असतो. आता खालून दुसऱ्या आहोत, पण नाचलो अशा की जणू पहिल्याच आलो!

मैदानात आपल्या साखरशेतला भाताच्या आवणीला, रोपं लावताना असतो तसा चिखल होता. बूट रुतायला लागले म्हणून मी ते काढून कडेला ठेवले आणि अनवाणी उभी राहिले. पंचबाईंनी खेळच थांबवला! सगळ्या हसल्या. बूट घातले, पण आवणीत चालतो तशीच पळाले, आधी टाच सोडवायची, मग पाऊल. बाकीच्या धपाधप पडल्या आणि मी बॉल रेषेपार नेऊन जमिनीला टेकवला, त्याच्याच गुणांवर जिंकलो.

तुझा गुडघा कसा आहे? यंदा आवणीला माणसं मिळतील ना?

सोबत फोटो आहे. माझ्या डोळ्याखाली काळंनिळं दिसतंय, तो चिखल आहे. मीना, तू हसू नकोस, पुढे वाच.

पुढे काही नाही. मी बरी आहे.

तुझीच,
रविना