गार स्वयंपाकघर

उलवे,
१७ एप्रिल २०२५

ती. आप्पांस,
संघमित्राचा सप्रेम जयभीम. वि. वि. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं वाचताना तुम्ही चिडता, म्हणून पुन्हा पेन हातात घेतलंय.

जयंतीला तुम्ही यायला हवं होतं. आईने खीर केली, पण ओट्यापाशी उभी असतानाच तिला भोवळ आली. आमचा मजला सगळ्यात वरचा. दुपारी स्लॅब तापतो, पश्चिमेची भिंत तापते, आणि खाडीची हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही. डॉक्टर म्हणाले, उष्माघात थोडक्यात टळला. आईला बसायला सांगितलं तर म्हणते, पोरीकडे मी बसून खायला आले नाही.

म्हणून आकाशने आणि मी स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरवलंय. वर फोम घालून खोटं छत, खिडकीला जाड बंद काच, मागची कपडे धुवायची बाल्कनी काचेने झाकून आत घ्यायची, आणि चक्क स्वयंपाकघरात एसी. आकाशचे मित्र हसतात. तुमचे जावई म्हणाले, हसू देत, सासूबाई महत्त्वाच्या.

वेळेवर जेवा. लोभ कमी करू नका.
तुमची मित्रा


पिंपळवाडी, ता. माणगाव,
२५ एप्रिल २०२५

चि. सौ. मित्रास,
आप्पांचे अनेक आशीर्वाद. पत्र पोचले. जावईबापूंना जयभीम सांग. सासूसाठी एसी लावणारा जावई आहे हे मी गावात चौघांना ऐकवले. त्यांचे उत्तर मला ऐकू आले नाही ते बरेच झाले.

चेष्टा सोड. भोवळ आली हे वाचून घास उतरला नाही. तुझी आई दुखलेले सांगत नाही. तू जन्मलीस तेव्हा कळा येत असताना तिने आधी माझी भाकरी थापली होती. तिला विचारू नकोस, रोज तिचा चेहरा बघ. काम लवकर उरकून घे. इकडे शेळी व्याली, दोन्ही पिल्ले माद्या.

माया आहेच, ती अशीच राहो.
तुझा आप्पा


उलवे,
१२ मे २०२५

ती. आप्पांस,
सप्रेम जयभीम. काम झालं! बाहेर सगळं भाजून निघतंय आणि आमचं स्वयंपाकघर घरात सगळ्यात गार. आता आम्ही तिथेच जेवतो, तिथेच बसतो. भिंतीतला धूर ओढायचा पंखाही काढून भोक बुजवलं, नाहीतर गारवा बाहेर जातो. बाल्कनीतला गॅसचा गीझर आता आतच आला, त्यामुळे आईला आंघोळीचं पाणी काढायला उन्हात जावं लागत नाही. मे महिन्यातही तिला कढतच पाणी लागतं, तुम्हाला माहीत आहे.

फक्त सकाळी तिचं डोकं जड होतं, मळमळतं. मलाही सुट्टीच्या दिवशी तसंच होतं. आकाश म्हणतो, नव्या रंगाचा वास असेल. संध्याकाळी सोसायटीच्या बागेत गेली की तिला बरं वाटतं. शेजारच्या शर्मिलाताई म्हणतात, आजींना गावची ओढ लागली. तुमची ओढ असं मी म्हटलं, तर आई लाजली.

टेन्शन घेऊ नका. आठवण ठेवा.
तुमची मित्रा


पिंपळवाडी,
१९ मे २०२५

चि. मित्रास,
आशीर्वाद. पत्र दोनदा वाचले. ओढ लागून डोके दुखेल अशी बाई ती नाही. माहेरी गेली तरी चार दिवसांत कंटाळून परत यायची. घराबाहेर पडली की बरे वाटते असे तू लिहिलेस. हे मला आवडले नाही. का, ते सांगता येत नाही, पण तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. आणि तुझेही डोके दुखते म्हणतेस.

तिला इकडे पाठव. उन्हाळा आम्ही आंब्याखाली काढू. शेजारचा मारोती त्याची गाडी घेऊन येईल. रागावू नकोस.
तुझा आप्पा


नेरूळ,
२७ मे २०२५

ती. आप्पांस,
जयभीम. मारोतीदादाला फोन केला होता, त्याने तुम्हाला लिहून दाखवलंच असेल. आई शुद्धीवर आहे, हे आधी वाचा. तुमचं पत्र आकाशने आज इथे दवाखान्यात आणून दिलं.

रविवारी गोधड्या धुवायला काढल्या होत्या. गरम पाण्यासाठी गीझर बराच वेळ चालू होता. आई गारव्यात मेथी निवडत बसली होती. मी बादली न्यायला आले, तर तिचं डोकं टेबलावर, मेथी मुठीत तशीच. मला वाटलं, डोळा लागला. हलवलं तर मान लुळी. उचलायला गेले आणि माझ्याच पायांतली ताकद गेली. मी ओरडत होते, पण आवाज फुटत नव्हता. खिडकी समोर होती, आणि ती उघडणारी नव्हती.

आकाश वाशीहून भाजी घेऊन आला म्हणून आम्ही आहोत. त्याने दोघींना ओढत जिन्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, बंद जागेत गीझरच्या ज्योतीला हवा पुरली नाही की विषारी वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रोज थोडा थोडा आम्ही घेतच होतो.

काल घरी गेले. आकाशने खिडकीची काच फोडली, गीझर काढून टाकला. घर पुन्हा भट्टीसारखं तापलंय. मी दारातच थांबले, आत पाऊल टाकवेना. आप्पा, तिला वाचवायला केलं होतं हो सगळं.

डॉक्टर सोडतील त्या दिवशी तिला तुमच्याकडे आणते. काही आठवडे लक्ष ठेवा म्हणालेत. मला रागवा, पण पत्र लिहा.
मित्रा


पिंपळवाडी,
२४ जून २०२५

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद. तू आईला इथे पोचवून गेलीस त्यानंतर ती छान होती. अंगण सारवले, शेजारणीशी भांडली. मला वाटले, सुटलो. गेल्या आठवड्यापासून चुकते आहे. चूल पेटवते आणि कशाला पेटवली ते मला विचारते. काल लुगडे उलटे नेसून बसली होती.

माणगावच्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, या विषाचा त्रास असा उशिराही उठतो. पुष्कळांचा हळूहळू ओसरतो, पण मेंदूच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. ओसरेल असे मी धरून चाललो आहे. तरी घाबरलो आहे. एसटीत ड्रायव्हर असताना घाटात गाडीचा ब्रेक गेला होता, तेव्हाही असा घाबरलो नव्हतो.

तू स्वतःला लावून घेऊ नकोस. आईचा घाम तुला बघवला नाही, एवढेच तू केलेस. माझी माया तिळभरही उणी झालेली नाही.

हे लिहीत असताना ती शेजारी येऊन बसली. कुणाला लिहिताय, असे तिने विचारले. माझ्याकडे तोंड करून, मला ओठ कळावेत म्हणून. तेवढे तिला आठवते. मी सांगितले, मित्राला. तिला आनंद झाला. म्हणाली, तिला लिहा, शाळा सुटली की रस्त्यात खेळत बसू नको, सरळ घरी ये.

म्हणून लिहितो आहे. सरळ घरी ये.
तुझा आप्पा