यादीतली सतरावी

वेस्ट टॉलमन, व्हरमाँट
मंगळवार, ८ ऑक्टोबर

ल्यूसियन,

तू मजेत असशीलच. इकडे थंडी लवकर पडली, गाई ठीक आहेत, माझा गुडघा नेहमीसारखा कुरकुरतोय. झालं हालहवाल.

तुझं आमंत्रण मिळालं. गुळगुळीत कागद, वर ठळक अक्षरांत "आपलं बाहुलीघर पुन्हा उभं राहिलं!" अरे, लाज कशी वाटत नाही तुला? दोन मैलांवर राहतोस आणि आईने उभारलेल्या बाहुलीनाट्याच्या घराचं सख्ख्या बहिणीला छापील आमंत्रण पाठवतोस!

परवा दुकानात मार्गो भेटली. "ओडेट, नव्या खुर्च्या काय मऊ आहेत गं! आणि दिवे तर विचारूच नकोस." मी विचारलं, "आणि बाहुल्या?" तर म्हणे, "मागवल्यात ना, फोमच्या. हलक्या आहेत, धुताही येतात." धुता येतात! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईने बावीस हिवाळे स्वयंपाकघरात वर्तमानपत्रं भिजवली, लगदा कुटला आणि माणसाने डोक्यावर चढवायचं बाहुलीचं एकेक डोकं घडवलं. ते तू कॅटलॉगमधून मागवतोस?

आणि शनिवारी उद्घाटनाला फीत कापणार म्हणे. आईच्या वेळेपासून खेळ चिखलाबाई या बाहुलीने सुरू होतो. ती पुलावरून चालत येते, पोरं तिला चिखलाचे गोळे मारतात, ती दारावर तीन थापा मारते, मग दार उघडतं. फीत कसली कापतोस, डोंबल!

गेल्या वर्षीच्या पुरानंतर तू बाहुलीघराच्या पायरीवर बसून रडत होतास. ती सव्वीस डोकी गाळातून मी उपसली. माझ्या गोठ्यात दोरीवर टांगली, पंखे लावले, तीन आठवडे फिरवत राहिले. वाळली होती रे ती! रंग गेला होता, दोघातिघांची नाकं बसली होती, एवढंच. मग तू अर्ज केलेली ती पूरग्रस्तांची तातडीची मदत आली. तू म्हणालास, "दुरुस्तीला काही मिळत नाही गं. नष्ट झालं म्हटलं तरच नवीन घेता येतं. नुसतं कागदावर लिहायचं." नुसतं कागदावर! मदत देणाऱ्यांकडून तपासणीच्या बाई आल्या आणि म्हणाल्या, नष्ट झालेलं सामान टाकल्याचे फोटो दाखवा. दुसऱ्याच सकाळी तुझा ट्रक माझ्या गोठ्यापुढे उभा.

गावात मी सगळ्यांना सांगत सुटले, की मी दूध पोचवायला गेले होते आणि ल्यूसियनने माझ्या मागे सगळं उचलून नेलं. लोक तुला टोमणे मारतात, ठाऊक आहे मला. तू एकदाही मला खोटं पाडलं नाहीस. त्याचाच जास्त संताप येतो.

कारण नष्ट झालेल्या सामानाची यादी माझ्या अक्षरात आहे. सव्वीस वेळा "दुरुस्तीपलीकडे" असं मीच लिहिलं, खाली सहीही माझीच. बाहुलीघराच्या भिंतींना बुरशी चढली होती, घर गरम ठेवणारी भट्टी बुडाली होती, हिवाळा तोंडावर. मलाही बाहुलीघर हवंच होतं रे. आणि त्या सकाळी ट्रकवर तू होतास, पण खालून एकेक डोकं तुझ्या हातात देणारी मी होते. तू म्हणालास, "बघू नकोस, नुसती देत जा." मी देत गेले.

पंचवीस दिली. तू मोजली नाहीस. यादीतली सतरावी, चिखलाबाई, मी पहाटेच गवताखाली ढकलली होती.

शनिवारी चार वाजता मी तिला डोक्यावर घेऊन पुलावरून निघणार आहे. तपासणीच्या त्या बाई पहिल्या रांगेत असणार, मला माहीत आहे. त्यांनी विचारलं तर सांगेन, हो, तीच ही, आणि खोटं मी लिहिलं. मदत परत घेऊन खुर्च्या नेल्या तर नेऊ देत. आईच्या वेळी जमिनीवरच बसायचो की आपण.

दारावर तीन थापा मारीन. आतून उघडायचं काम तुझं. नाही उघडलंस, तर आख्खं गाव बघेल की आईची चिखलाबाई बाहेर उभी आहे आणि तिचाच मुलगा आत फीत धरून बसलाय.

पंचवीस तुझ्या हातात देणारी,
तुझी मोठी बहीण
ओडेट