ब्रुकलिनचे रब्बी आणि माझ्या दवाखान्याची पाटी

मी, डॉ. पुरुषोत्तम हरी गद्रे, वय ६३, राहणार क्वीन्स, न्यूयॉर्क, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची खात्री देत नाही. वीस वर्षं दुसऱ्यांचीच तपासत आलो.

१. राहतं घर आणि शिल्लक पत्नी उत्तरा हिची. तिला कोणी शहाणपण शिकवू नये.

२. पेटी महाराष्ट्र मंडळाला. मात्र गुरुदत्त कर्व्यांनी तिला हात लावू नये. १९७९ च्या गणेशोत्सवात माझी भैरवी मध्येच थांबवून त्यांनी जेवणाची पानं वाढल्याचं जाहीर केलं होतं.

३. चांदीचं खिशातलं घड्याळ मुलगी दीपा हिला. ते ब्रुकलिनच्या रब्बींनी स्वतः दुरुस्त करून मला दिलं. त्याची हकीकत तिला माहीत असावी.

हे रब्बी, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू, माझे पेशंट होते; पंथाने हसिदी. हसिदी म्हणजे भक्तिमार्गी ज्यू; त्यांच्यात गुरूची गादी बापाकडून मुलाकडे जाते, आपल्याकडच्या काही मठांसारखी. हे पाचवे. भक्त चिठ्ठीवर स्वतःचं आणि आईचं नाव लिहून देतात, रब्बी त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. मला कुतूहल फार, म्हणून एकदा तपासणी झाल्यावर मीही चिठ्ठी दिली. सवयीने मधे वडिलांचं नाव घातलं.

"आईचं," ते म्हणाले.

मी लिहिलं, सरस्वती.

"जन्माचं?"

सरस्वती तर लग्नात ठेवलेलं. साठी उलटली, आई जाऊन वीस वर्षं झाली, आणि तिचं माहेरचं नाव मला ठाऊक नाही! पुण्याला मामांना फोन लावला.

"द्वारका," मामा म्हणाले. "आज कशी रे आठवण झाली तुला?"

पुढच्या खेपेला रब्बींना नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, "बदलताना तिला विचारलं होतं?"

"छे, आमच्यात विचारत नाहीत."

"मलाही नाही विचारलं."

मग बोलले. पोलंडमध्ये वडील वारले तेव्हा ते एकोणीस वर्षांचे, घड्याळं दुरुस्त करायला शिकत होते. दफनभूमीतच म्हाताऱ्यांनी त्यांच्या हातात चिठ्ठ्या कोंबल्या. युद्धात घरदार संपलं. ब्रुकलिनला आले तर भक्तांची उरलेली अकरा कुटुंबं दारात उभी. पन्नास वर्षं चिठ्ठ्या वाचल्या. "हो असं मी कधी म्हणालोच नाही," म्हणाले. वारण्यापूर्वी त्यांनी मुलाला समोर बसवून गादी हवी का ते विचारलं. मुलाने आठ दिवस घेतले, मग हो म्हणाला. ते आठ दिवस रब्बींचं ब्लडप्रेशर मी मोजत होतो. नवव्या दिवशी त्यांनी हे घड्याळ माझ्या हातात ठेवलं.

४. दवाखाना. चिरंजीव संजीव डॉक्टर झाला त्याच दिवशी मी 'गद्रे अँड सन' अशी पाटी ठोकली. तो खाली उभा राहून म्हणाला, "बाबा, व्हेन डिड वुई डिसाइड धिस?" मी हसलो आणि त्याला शिडी धरायला सांगितली. आज त्या हसण्याची लाज वाटते.

दवाखाना कोणाला, ती ओळ कोरी सोडली आहे. वकील म्हणतात, असं चालत नाही. न चालो. हे मृत्युपत्र माझ्या माघारी उघडायचं नाही. संजीवला मराठी वाचता येत नाही, तेव्हा येत्या रविवारी उत्तराने त्याला ते वाचून दाखवावं. मी तिथेच बसेन.

संजीव, तुला हा दवाखाना हवा आहे का? घाई नाही. नको असेल तर पाटी मीच उतरवीन. आणि नाही म्हणालास, तरी रविवारी जेवायला येत जा.

सही: पु. ह. गद्रे
आमच्यासमोर सही केली, साक्षीदार: जगन्नाथ ओगले, रुपाली दिघे (दोघे शेजारी)
क्वीन्स, न्यूयॉर्क, मंगळवार, १४ ऑक्टोबर १९८६