सुई अडायची ती जागा

दादा,

बाबा गेल्यावर तू दुपारभर त्यांच्या खोलीत दार लावून बसलास, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. काल त्यांची लाडकी रॉकची रेकॉर्ड लावली, तर अख्खी बाजू न अडता वाजली. आपली तर दुसऱ्या गाण्यात अडायची, बाबा टेबलावर बुक्की मारायचे, मग सुई पुढे सरकायची. म्हटलं, दादाने डल्ला मारला! जुनी अस्सल लांबवली आणि त्याच कव्हरात नवी सरकवली.

पुरावा हवा म्हणून रेकॉर्डवाल्याकडे गेले. त्याने लेबलशेजारचा नंबर भिंगातून पाहिला. "ही नव्याने काढलेलीच आहे, आठ वर्षांपूर्वीची. पण ताई, भोकाभोवतीचे ओरखडे बघा. ही शेकडो वेळा लागलीय."

म्हणजे आठ वर्षांपूर्वी मुक्कामाला आलास, तेव्हाच बदललीस. पकडलं की नाही?

पण थांब. बाबांची बुक्की तर गेल्या महिन्यापर्यंत रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात ऐकू यायची. गाणं पुढे चालू राहायचं आणि मला वाटायचं, बुक्कीनेच सुटलं. न अडणाऱ्या रेकॉर्डवर ते नुसती सुई बघून बुक्की मारत होते.

त्याच मुक्कामात तू म्हणाला होतास, "बाबांना ऐकू येत नाही, कान तपासून घे."

मी म्हणाले होते, "चार दिवस येतोस, तुला काय कळतंय? मी बोलले की मान हलवतात ना!"

जुनी रेकॉर्ड तुझ्याकडे असेल तर राहू दे. हे पत्र पोस्टात टाकायची माझी हिंमत नाही.

तुझी धाकटी,
जिचे दोन्ही कान शाबूत आहेत