शेडातला काटा

अहो,

उद्या सकाळी भंगारवाला येणार आहे, तुमच्या शेडातल्या मशीनसाठी. मीच होकार दिला. आणि आज दुपारी असं काही झालं की माझं डोकंच चालेना. कुणाला सांगू? तुम्ही असता तर तुमच्याशीच भांडले असते. म्हणून कागद घेऊन बसले.

तुम्ही गेलात त्याला एक पावसाळा सरला. तुमचे धाकटे भाऊ, माधवभाऊजी, दर आठवड्याला येऊन राहिलेत. एकच धोशा. "वैनी, शेड पाडू, खोल्या काढू. लातुरात क्लासच्या पोरांना डोकं टेकायला जागा न्हाई, अन् तुम्ही लोखंड सांभाळून बसलात!" खोटं काय बोलतात? माझा येसूर मसाला अन् माडीवरच्या पोरींचं भाडं, त्यावरच घर चाललंय. मी म्हटलं, न्या.

कसलं वेड होतं हो तुमचं! मोटारसायकलचं मागचं चाक त्या जाड लोखंडी रोलरवर चढवायचं, पुढचं पट्ट्यानं बांधायचं, अन् गाडी जागच्या जागी पळवायची. रोलरला जुन्या जीपचा ब्रेक. ब्रेक आवळला की त्याचा दांडा धान्याच्या मोंढ्यातून आणलेला वजनकाटा ओढायचा. काटा किती ओढला, रोलर किती पळाला, त्यावरून इंजिनाची ताकद. शिकलेली माणसं त्याला डायनो म्हणतात म्हणे. आपल्या गल्लीत त्याचं नाव काटा. मुखेड-अहमदपूरहून गिऱ्हाईक यायचं, "मिस्त्री, गाडी चढाला दम टाकून राहिली." तुम्ही म्हणायचात, "तोंडानं सांगू नका, काट्यावर चढवा." मी मसाला तोलायची, तुम्ही इंजिन. दोघंही काटेवालेच!

पण रोलर पळाला की फरशी हलायची. आधी तळपायाला मुंग्या, मग मांडणीवरची ताटं, मग भिंत. मला काय होत असेल? भूकंपात माझं माहेर गेलं. आई दगडाखाली गेली. मी इथं नवी नवरी, तुमचा हात धरून अंगणात उभी होते. मग घरातली फरशी हलली तर पाय थांबतील का? धूम बाहेर! कधी पिठाच्या हातानं, कधी अर्ध्या नेसलेल्या साडीत. माडीवरच्या पोरी तर भूकंपानंतर जन्मलेल्या. तरी घरच्यांनी शिकवलेलं, हललं की बाहेर. फिजिक्सची पुस्तकं छातीशी धरून जिना उतरायच्या. अन् तुम्ही शेडाच्या दारात उभे राहून हसायचात. "घाबरट कुठली! रोलर जरा लंगडतोय, एवढंच."

मग नीट करा ना! किती वेळा म्हटलं? "करतो." तुमचं ते "करतो" ऐकता ऐकता केस पांढरे झाले. शेवटी मी शपथ घेतली, ह्या शेडात पाय ठेवणार न्हाई. ठेवला न्हाई.

आणि तुम्ही गेल्यावर काय झालं सांगू? मांडणी वाजेना. इतकी वर्षं ताटं वाजली की कळायचं, तुम्ही भिंतीपलीकडं आहात. आता घर कसं गप्प. कधीकधी मी जमिनीला तळहात लावून बसते. हसू नका!

म्हणून आज खलीलभाईंना बोलावलं. तुमचा रोलर त्यांनीच लेथवर उतरवलेला. म्हटलं, उद्या तर जाऊन राहिलं, एकदा शेवटचं चालवा. मला तो हादरा पाहिजे. ते बघतच राहिले. "भाबी, तुम्ही? शेडात?" हाव, मी.

चप्पल काढून उभी राहिले. त्यांनी स्वतःची गाडी चढवली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. गाडी बोंबलायला लागली, काट्याची सुई वर गेली. मी डोळे मिटले. चौथा गिअर. आता हलेल, आता हलेल.

हललीच न्हाई हो! खिडकीतल्या पेल्यातलं पाणीसुद्धा न्हाई. माडीवरची एकही पोरगी पुस्तकातून उठली न्हाई. मी ओरडले, "जोरात चालवा!"

"भाबी, याच्याहून जोर न्हाई," खलीलभाई म्हणाले. त्यांनी गाडी बंद केली अन् रोलरच्या कडेला बोट दाखवलं. तिथं बोल्टानं आवळलेलं माझं दोनशे ग्रॅमचं वजन!

माझ्या तराजूचं! मी बहिणीकडं नांदेडला जाऊन आले अन् ते सापडेना, तर घर डोक्यावर घेतलं होतं. अन् तुम्ही? माझ्याबरोबर पलंगाखाली वाकून शोधत होतात! "उंदरानं नेलं असंल." लोखंडाचं वजन, उंदरानं! शरम न्हाई वाटली?

खलीलभाई म्हणाले, "रोलरची एक बाजू जड होती. समोरच्या बाजूला तेवढंच वजन पाहिजे होतं. नट लावले, पट्ट्या लावल्या, जमंना. हे बसलं अन् मशीन गप्प. मिस्त्रीदादानं लगेच बंद केलं. म्हणले, आता तिच्यासमोरच चालवायचं. तू सांगू नको."

मग मी नांदेडहून आल्यावर तुम्ही रोज स्वयंपाकघराच्या दारात. "शेडात ये ना, गंमत दाखवतो." तुमच्या गमती मला ठाऊक! मी म्हणायचे, मसाला भाजून राहिले, व्हा बाजूला. चार दिवसांनी छातीत कळ आली अन् संपलं. सरळ सांगता येत नव्हतं? तोंडाला काय कुलूप होतं? "फरशी हलत न्हाई आता" एवढंच म्हणायचं होतं! जन्मभर माझं ऐकलं न्हाई, अन् ऐकलं ते असं. आता मला तो हादरा कुठून मिळायचा?

मी खलीलभाईंच्या हातातून पाना ओढून घेतला. म्हटलं, काढते हे वजन. हलू दे, पडू दे घर! बोल्टाला पाना लावला अन् हात थांबला. भोक किती नीट पाडलं होतं तुम्ही, बरोबर मधोमध. माझी भीती काढायला एवढी खटपट केलीत, ती मी कशी उखडू? तिथंच फरशीवर बसले अन् मोठ्यानं रडले. पोरी तेव्हा मात्र जिना उतरून धावत आल्या.

भंगारवाल्याला उद्या माघारी धाडते. भाऊजी भांडतील, भांडू दे. मशीन खलीलभाई चालवतील. तराजूला नवं वजन आणणार न्हाई, आजवर भागवलं तसं शंभर-पन्नासाची लावून भागवीन. अन् शपथ मोडली तशी मोडली, रोज शेडात येऊन चप्पल काढून उभी राहीन. तुम्ही तेवढं एकदा, एकदाच, फरशी हलवा हो. मी पळणार न्हाई.

तुमची घाबरट,
कुसुम