साथ कुलपात

४ मार्च
आजपासून रोजनिशी. शहराच्या आरोग्य अधिकाऱ्याचे निर्णय कुठेतरी नोंदले गेले पाहिजेत. आज निर्णय घेतला नाही, पण मूड होता.
बायपाससाठी टेकडीवरचं जंगल तोडलं, तेव्हापासून वटवाघळं शहरात घुसलीत. हॉस्पिटलमागच्या झाडांवर उलटी लटकलेली असतात. पशुवैद्य म्हणतो, त्यांचं घर आपण मोडलं, आता त्यांची उष्टी फळं खाऊन माणसं तापाने पडतायत, साथ जाहीर करा. पशुवैद्याने गुरांचं बघावं. बायपासचं उद्घाटन तोंडावर आलंय, साथ म्हटलं की मंत्री फिरकणार नाहीत. शांत डोक्याने विचार करीन.
उद्यापासून चहा बंद.

५ मार्च
चहा दोनदा झाला.
बायको तापाच्या वॉर्डात सिस्टर. जेवताना म्हणाली, आलेले पेशंट बेशुद्ध होतायत आणि आम्हाला ते पातळ मास्क. चांगले मास्क स्टोअरमध्ये आहेत, पण साथ जाहीर झाल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही. नियम माझाच. उत्तम नियम आहे, नाहीतर लोक घरी नेतात. तिला नीट समजावलं. ती अर्ध्या जेवणावरून उठली. अलीकडे भूक कमी झालीय तिची.

७ मार्च
धडाक्यात कारवाई! फ्लडलाइट मारून झाडांवरची वटवाघळं हुसकावली. पशुवैद्य गयावया करत होता की अशाने ती गावभर पसरतील. भित्रा कुठला.

८ मार्च
वटवाघळं आमच्या अंगणातल्या झाडावर. योगायोग.

९ मार्च
समिती नेमली. पहिल्याच बैठकीत मी नाव सुचवलं: ‘हवामानबदलजन्य ताप’. साथ नाही आणि खोटंही नाही. साहेब खूश. पेशंट वाढलेत, पण नाव पडल्यामुळे परिस्थिती आटोक्यात आल्यासारखी वाटते.

११ मार्च
बायको दारात चपला घालता घालता म्हणाली, “साथीच्या कागदावर सही कर ना रे. काल आमच्यातलीच एक पडली.”
म्हटलं, उद्घाटन होऊ दे, दुसऱ्याच दिवशी करतो. तशीच ड्यूटीवर गेली. मला राग आला. दिवसभर छातीत धडधडत होतं. चहामुळे असणार.

१३ मार्च
उद्घाटन झकास. फोटोत मी मागून तिसरा, पण स्पष्ट.
घरी आलो तर बायको चादर घेऊन पडलेली. डोकं फुटतंय म्हणाली. थर्मामीटर लावला, एकशेतीन. थर्मामीटर जुना आहे. दुसरा आणला. तोही तेच म्हणतोय.

१४ मार्च
तिला तिच्याच वॉर्डात ठेवलंय. मला दारातच अडवलं. चांगल्या मास्कशिवाय नातेवाइकांना आत सोडत नाहीत म्हणे, आणि मास्क कुलपात.
धावत ऑफिस गाठलं. साथीच्या जाहीरनाम्यावर सही ठोकली. तारीख मात्र ५ मार्च घातली. उद्या चौकशी झाली तर मी वेळेवर. मागची तारीख काय, आमच्याकडे सगळेच घालतात, कुणाचं काही बिघडत नाही. स्टोअर उघडलं, मास्क लावला, तिच्यापाशी गेलो आणि सगळं सांगितलं. वाटलं, तिला बरं वाटेल.
डोळे न उघडताच म्हणाली, “पाच तारखेचा आदेश म्हणजे मास्क मोकळे होते आणि आम्हीच लावले नाहीत. चूक आमची ठरेल.”
म्हटलं, अगं, माझ्या हे डोक्यातच आलं नाही.
“माहितीय,” ती म्हणाली.

१५ मार्च
काल तो कागद फाडला. नवा केला, खरी तारीख घातली. सकाळी साहेबांचा फोन आला, मग इतके दिवस तुम्ही काय करत होतात? फोन बंद करून खिशात टाकला.
पहाटेपासून तिला शुद्ध नाही. शेजारी बसलोय. आता ताप किती आहे, हे सिस्टरला विचारायचं धाडस होत नाही.