रस्ता पुन्हा आमच्याच आवारातून नेण्याबाबत

प्रति,
मा. नगररचना अधिकारी,
विकास योजना कक्ष, महानगरपालिका.

अर्जदार : सौ. मंदाकिनी प्रभाकर टिपणीस,
बंगला क्र. ४, निशिगंध सोसायटी, टिटवाळा (पूर्व).

विषय : माझीच मान्य झालेली हरकत रद्द करून नियोजित रस्ता पुन्हा आमच्या बाजूने आखण्याबाबत.

संदर्भ : प्रारूप विकास योजनेवर मी सोसायटीची सचिव या नात्याने घेतलेली हरकत व त्यावरील सुनावणी.

महोदय,

१. आपल्या कार्यालयात हरकत फेटाळली म्हणून रडणारे अर्जदार रोज येत असतील. माझी हरकत मान्य झाली आहे. ती मान्य व्हायला नको होती, हे सांगण्यासाठी हा अर्ज.

२. प्रारूप योजनेतील रस्ता आमच्या सोसायटीच्या उत्तरेकडील तीन बंगल्यांवरून जात होता. त्यातला एक आमचा. निवृत्तीनंतर कळव्याची दोन खोल्यांची जागा विकून आम्ही हे घर घेतले. नकाशात आपल्या स्वयंपाकघरावरून रेघ गेलेली पाहिल्यावर माणसाचे जे होते, ते माझे झाले. विमा कंपनीत माझी सगळी नोकरी पत्रव्यवहारात गेली असल्याने हरकत लिहिण्याचे काम सभासदांनी माझ्याकडे दिले.

३. त्या हरकतीत मी असे लिहिले की, आमच्या उत्तरेच्या कुंपणापलीकडील जमीन पडीक व निर्मनुष्य असून रस्ता तिकडून नेल्यास कोणाचेही नुकसान होणार नाही. हे विधान खोटे आहे. तेथे पाच घरे व एक लहानसे बुद्धविहार आहे. आमच्या बंगल्यासमोर कुंपणाला लागूनच असलेल्या पहिल्या घरात श्रीमती जाईबाई चांगदेव जाधव राहतात. त्यांचे पती रिक्षा चालवतात आणि त्या स्वतः, आसपासच्या नव्या इमारतींवर कामाला जाणाऱ्या बायकांची मुले दिवसभर सांभाळतात. मी 'निर्मनुष्य' हा शब्द लिहीत होते, तेव्हा खिडकीतून त्या मुलांचा गलका ऐकू येत होता. आवाज नको म्हणून मी उठून खिडकी लावून घेतली.

४. हरकतीसोबतचे छायाचित्रही मीच काढले. पहिल्या वेळी त्यात वाळत घातलेली झबली आली, म्हणून बाजूला सरकून दुसरे काढले. त्यात फक्त गवत आणि एक बाभूळ दिसते. स्थळपाहणीला आलेल्या आपल्या कर्मचाऱ्यांना मी गच्चीवर नेले व तेथूनच हात करून जागा दाखवली. त्यांनी माझ्या वयाकडे पाहून विश्वास ठेवला. त्यांना दोष देऊ नये, ही विनंती.

५. आखणी बदलली. सोसायटीत माझा सत्कार झाला, शाल मिळाली. पुढच्याच आठवड्यात जाईबाईंच्या भिंतीवर लाल रंगाच्या खुणा पडल्या, आणि त्या संध्याकाळी जाईबाई माझ्याच दारात आल्या. त्यांचे बोलणे जसेच्या तसे देते : "मॅडम, तुमची हरकत पास झाली म्हणे. तशीच एक आम्हाला पण लिहून द्या ना. तुमचं लिहिलेलं साहेब लोक ऐकतात."

६. महोदय, मी ती लिहून दिली. जीव ओतून लिहिली. तेथे पाच कुटुंबे आहेत, दिवसभर मुले असतात, विहारात संध्याकाळी वंदना होते, सर्व लिहिले. खाली जाईबाईंनी सही केली आणि जाताना माझ्या हातावर गरम भाकरीचा रुमाल ठेवला. खरे काय ते त्या वेळीच सांगायला हवे होते. मी रुमाल धुऊन परत केला, एवढेच.

७. मुदत संपल्यामुळे ती हरकत आपण स्वीकारू शकला नाहीत. नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे. परंतु कार्यालयात कोणीतरी जाईबाईंना सांगितले की, रस्ता इकडून न्यावा हे शेजारच्या सोसायटीनेच सुचवले आहे. त्या थेट माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "मॅडम, तुमच्यातल्याच कोणीतरी घातलंय हे. तुम्ही सेक्रेटरी आहात, जरा शोधून काढा ना कोण ते."

८. मी म्हणाले, "जाईबाई, मीच."

त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. आत या असे म्हणण्याचे धाडस मला झाले नाही. शेवटी मी म्हणाले, तुमच्या नावाने दुसरा अर्ज करते, वरपर्यंत जाते. त्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या नावानं कशाला? खोटं तुम्ही बोललात, अर्जपण तुमच्याच नावानं करा." म्हणून हा अर्ज माझ्या एकटीच्या नावाने आहे.

९. हे समजल्यावर सोसायटीने तातडीची सभा घेऊन मला सचिवपदावरून दूर केले. उरलेल्या दोन बंगल्यांचे मालक माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचा राग रास्त आहे. त्यांनी मला घर वाचवायला सांगितले होते, खोटे लिहायला नाही. आणि आता मी त्यांना न विचारता त्यांच्या घरावर रस्ता मागायला निघाले होते. एका अपराधाची भरपाई करताना दुसरा घडू नये म्हणून माझे पती श्री. प्रभाकर यांनी एक मार्ग सुचवला. प्रथम ते चिडले होते : "अगं, लिहिताना मला विचारलं नाहीस, निदान पुसताना तरी विचार!" मग दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन स्वतःच बागेत मापे घेत बसले.

१०. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे रस्त्याची मध्यरेषा आमच्या उत्तरेच्या कुंपणावर आणून, आमच्या बंगल्यापाशी तिला दक्षिणेकडे वळण दिल्यास शेजारच्या दोन्ही बंगल्यांची फक्त अंगणे जातील, पलीकडची पाचही घरे व विहार वाचतील. वळणावर मात्र आमचा बंगला येतो. आम्ही दोघांनी विचार केला आहे. रस्त्याला वळण हवे असेल तर ते आमच्या घरातून घ्यावे. सहमालकाची लेखी संमती सोबत आहे. त्यावरची सही त्यांचीच आहे.

११. असे वळण तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे किंवा नाही, हे मला समजत नाही. म्हणून या वेळी मी कोणतेही ठाम विधान करत नाही. आपण स्वतः यावे, जाईबाईंच्या दारात उभे राहून पाहावे, त्यांना विचारावे. मी तेथे असणार नाही.

१२. खोटी माहिती दिल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई होईल ती मान्य आहे. एकच कळकळीची विनंती. ती कारवाई आणि ही आखणी एकाच फाइलीत ठेवू नये. माझी चौकशी रेंगाळेल, सुनावण्या लागतील, तारखा पडतील. तोवर पलीकडे जेसीबी येऊन उभा राहील. मला शिक्षा सावकाश द्यावी. आधी त्या भिंतीवरच्या खुणा पुसाव्यात.

चुकीच्या माहितीस सर्वस्वी जबाबदार,

(सही)
मंदाकिनी प्रभाकर टिपणीस
टिटवाळा, दि. १९ ऑगस्ट २०२५

सोबत : सहमालकाचे संमतीपत्र, सुचवलेल्या वळणाचा हाताने काढलेला नकाशा.